अर्पणगीताची चाल

पहिल्या शनिवारी मी काकांना इलेक्ट्रिशियन समजले होते. आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रविवारच्या गाण्यांचा सराव असतो. तिथला स्पीकर बरेच दिवस गुरगुरत होता, आणि साठी ओलांडलेले एक गृहस्थ वाकून त्याचा प्लग काढून पुन्हा बसवत होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायांत चामडी सँडल. गुरगुर थांबली. मग त्यांनी खुर्चीवरची एक लांबट कापडी पिशवी उचलली, जुन्या पडद्याची घरी शिवलेली असावी तशी, आणि तिच्यातून गिटार काढली.

"आज से ये बजाएँगे," मेट्रन आंटी म्हणाल्या.

मेट्रन आंटी म्हणजे आमच्या गायनमंडळाच्या प्रमुख. मूळच्या केरळच्या, पण उभं आयुष्य इंदूरच्या एका हॉस्पिटलात गेलेलं. आवाजात अजून वॉर्डातला दरारा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. नुसतं एकमेकांकडे बघितलं.

कीबोर्ड वाजवणारी आमची नर्स परदेशी गेली होती. तेव्हापासून हिंदी मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनाविधीला, एका ढोलकाखेरीज वाद्य असं उरलंच नव्हतं. हे काका एका रविवारी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांनी रस्त्यावरून आमचं कोरडं गाणं ऐकलं म्हणे, आणि नंतर एका संध्याकाळी फादरच्या घरी जाऊन सरळ विचारलं, तुम्हाला गिटारवाला हवाय का? आमचे फादर तरुण, मंगळूरकडचे, इंदुरात नुकतेच आलेले. त्यांनी हो म्हणून टाकलं. नाव सांगितल्यावर उलगडा झाला की माणूस ख्रिस्ती नाही. इंदूरच्या जुन्या मराठी घरातला. पणजोबा होळकरांच्या कचेरीत, स्वतः वीज मंडळातून निवृत्त.

तो का आला, हा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

त्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी कानावर यायची. प्रार्थना चालू असताना लोक आत शिरले, मोबाइलवर शूटिंग केलं, पोलिसांत धर्मांतराची तक्रार गेली. आमच्या चर्चमध्ये तसलं काही झालं नव्हतं. पण आम्ही गाताना दाराकडे बघायला लागलो होतो. नवीन चेहरा दिसला की दोन बाकांवरून चौकशी फिरायची, हा कुणाचा? आणि आता नवीन चेहरा थेट वेदीच्या बाजूला, आमच्यात येऊन बसणार होता.

चर्चच्या समितीचे सेक्रेटरी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काटेकोर गृहस्थ, त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आप भी मराठी, वो भी मराठी. ज़रा देख लीजिए."

"क्या देखूँ?"

"यही, कि आता क्यों है."

मला राग आला, तो बघण्याच्या कामाचा नाही. बघणं, तपासणं हेच माझं पोट भरण्याचं काम. पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहे, आणि समोर आलेला माल ठीक नसणार असं धरूनच आमचा दिवस सुरू होतो. राग आला तो 'आप भी मराठी' याचा. मी वसईची. आमच्याकडे मिस्सा मराठीत, भांडणं मराठीत, नवसही मराठीत. इंदूरला बदली होऊन आले तेव्हा चर्चमधल्या लोकांना मी मराठी आहे याचं आश्चर्य, आणि शेजारच्या मराठी बायकांना मी ख्रिस्ती आहे याचं. दोन्हीकडे मला आधी स्वतःला समजावून सांगावं लागायचं. आता काकांच्या बाबतीत मी अचानक दोन्हीकडची झाले होते, आणि तीही हेरगिरीसाठी.

पुढच्या शनिवारी सरावानंतर काकाच माझ्याशी बोलायला आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं.

"तुम्ही मराठी बोलता?" ते म्हणाले. "वा. पण..."

त्या 'पण'पाशी ते थांबले. मी त्यांना मदत केली नाही.

"वसईची आहे," मी म्हटलं.

"हां हां, वसई," ते म्हणाले, आणि गिटार पुसू लागले. वसईत कोण राहतं हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

वाजवण्याचं म्हणाल तर काका वाईट वाजवायचे. तीन-चार कॉर्ड यायचे. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये एवढा वेळ लागायचा की आम्ही ओळ संपवून त्यांची वाट बघत उभे. निवृत्तीनंतर राजवाड्याकडच्या एका दुकानातून गिटार घेतली आणि फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, असं ते सांगत. मला ते पटत नव्हतं. या वयाचा इंदूरचा मराठी माणूस पेटी शिकेल, फार तर तबला. गिटार कशाला?

माझ्या वडिलांना तर गिटार चर्चमध्ये आली तीच आवडली नव्हती. मी शाळेत असताना आमच्या गावात पहिल्यांदा वेदीजवळ गिटार दिसली, तेव्हा ते म्हणाले होते, "व्हायोलिन देवासाठी, ही पोरांच्या सहलीसाठी." आणि लोकगीतांचं तर नावच नको. वसईतल्या लग्नांत बायका काय काय गायच्या, वराकडच्यांची पार सालं काढायच्या, पण ती गाणी मांडवात सुरू होऊन मांडवातच संपायची. दुसऱ्या दिवशी त्याच बायका डोक्यावर पदर घेऊन मिस्सेला यायच्या, जसं काही झालंच नाही.

काकांच्या दोन गोष्टी मी मनात टिपून ठेवल्या. एक, सराव सुरू झाला की ते फोन खुर्चीवर उभा करायचे आणि सगळं रेकॉर्ड करायचे. घरी ऐकायला, असं म्हणायचे. दुसरी, ते प्रश्न फार विचारायचे. परमप्रसाद म्हणजे काय? ही ओळ सगळे उभे राहून का म्हणतात? आणि एकदा, गायनमंडळात धार-झाबुआकडच्या ज्या तिघी होत्या, त्यांच्याकडे बघत, "ह्या बायका कुठल्या गावच्या? तिकडून इथे किती जणं येतात?"

कुणी हे प्रश्न कौतुकानं विचारले असते तर मी कौतुकानं उत्तर दिलं असतं. गावाचा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं. सेक्रेटरींना मात्र सांगितला. ते म्हणाले, "देखा?"

मिस्सेत सगळे गुडघे टेकायचे तेव्हा काका गिटार मांडीवर घेऊन खाली बघत बसायचे. 'हे हमारे पिता' ही प्रार्थना सुरू झाली की मी त्यांच्या ओठांकडे बघायचे. एका रविवारी ते हलताना दिसले. बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, "काका, तुम्हाला प्रार्थना पाठ झाली का?"

"दर आठवड्याला ऐकतो ना. बायकोची रामरक्षासुद्धा पाठ आहे मला. मी कुठे म्हणतो?"

हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं, आणि खरंही वाटलं.

नोव्हेंबरात आमच्याकडे पिकाच्या आभाराची मिस्सा असते. लोक भात, मक्याची कणसं, भोपळे, काय असेल ते घेऊन रांगेनं वेदीपाशी येतात, आणि तेवढा वेळ गायनमंडळ अर्पणाचं गीत म्हणतं. फादरना या वर्षी ते गीत इकडच्या मातीतल्या चालीवर हवं होतं. पुस्तकातलं नको.

"मेरे पास एक धुन है," काका म्हणाले, आणि वाजवून दाखवली.

चाल छान होती. एक ओळ वर चढायची, तिथेच जरा रेंगाळायची आणि धपकन खाली यायची. आश्चर्य म्हणजे ती वाजवताना काकांची बोटं कुठे अडत नव्हती. मेट्रन आंटींनी टाळीवर ताल धरला. फादर मान डोलवत होते. पण माझी नजर त्या तिघींकडे गेली. दोघी एकदम खाली बघायला लागल्या होत्या. एकीनं ओढणी तोंडावर धरली. तिसरी, जी एका शाळेत शिक्षिका आहे, ती मात्र सरळ बसून काकांकडे बघत होती.

"यह किस मौके का गीत है?" फादरनी विचारलं.

"स्वागत का," काका म्हणाले. "मालवे में मेहमान आते हैं तो औरतें गाती हैं."

फादरनी शिक्षिकेला हिंदी शब्द बसवायला सांगितले. पुढच्या शनिवारी ती घेऊन आली. प्रभू, तुझ्या दारी मी काय आणू, रिकाम्या हातांनी आलो आहे, असा अर्थ. सगळ्यांना आवडलं. आम्ही गायला लागलो, आणि 'खाली हाथ मैं आया' ही ओळ आली की त्या दोघी पुन्हा खाली.

घरी जाताना मी एकेक गोष्ट जोडत गेले. हा माणूस रेकॉर्ड करतो. चाल त्यानं आणली. ती कुठली ते आम्हाला माहीत नाही, पण इकडच्या बायकांना ऐकून हसू येतं. आपण भर मिस्सेत काहीतरी अचकट-विचकट गाणं म्हणणार आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरणार. चर्चवाले वेदीपुढे काय गातात बघा. मला हे सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू लॅबमधून घरी येत जा जरा." तो इंग्रजी मिस्सेला जातो, त्याला आमच्या ढोलक-गिटारीचं काही पडलेलं नसतं.

त्या आठवड्यात काकांनीच मला घरी बोलावलं. "रविवारी पोहे खायला या. मिसेसना तुम्हाला बघायचंय."

भेटायचंय नाही, बघायचंय. बरं, मलाही बघायचंच होतं.

घर जुन्या मराठी वस्तीतलं, पहिल्या मजल्यावरचं. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं. गळ्यातल्या क्रॉसपाशी नजर अंमळ थांबली. काकांना त्यांनी बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. पोह्यांवर शेव घातली, इंदुरी जिरावण मसाला भुरभुरला, ताटली माझ्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या.

"गलत समजू नका हं," त्या म्हणाल्या. "पण यांना तिकडे तुम्ही घेऊन गेलात का?"

"नाही काकू. ते आपणहून आले."

"आपणहून." त्यांनी कालथा कढईवर ठेवला. "हा माणूस आपणहून कधी दुधाची थैली आणायला नाही गेला. दिवसभर तुमचं प्रभू-प्रभू चालू असतं फोनवर. आंघोळीला गेले तरी बाहेर फोन गातोय. माझा भाऊ आला होता, तो बोलला, ताई, भावजींवर नजर ठेव. मला टेन्शन होऊन गेलं एकदम. खरं सांगा, त्यांना काय करायचंय तिकडे? तुमचं ते... पाणी-बिणी डोक्यावर घेणारेत का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आम्हालाही तेच कळत नाहीये. आम्हाला वाटत होतं, त्यांना कुणी पाठवलंय."

"कुणी पाठवलंय?"

"आमच्यावर लक्ष ठेवायला."

काकू बघतच राहिल्या. "यांना?" त्या म्हणाल्या. "अहो, यांना चार माणसांत धड बोलता येत नाही. मराठी मंडळात दोनदा गिटार घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, काका, तुम्ही खुर्च्यांचं बघा. घरी जावईसुद्धा म्हणतो, पप्पा, दार लावून वाजवा. तुम्हीच एक निघालात, दर हप्त्याला वाजवू देणारे."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं होतं, पण हे कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काकांनी तीच चाल वाजवायला घेतली. काकू चहाचं पाणी ठेवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हे काय वाजवतायत?"

"येत्या सणाला आम्ही म्हणणार आहोत. काका म्हणाले, स्वागताचं गाणं आहे."

"कुठे म्हणणार?"

"चर्चमध्ये."

काकूंनी गॅस बंद केला. पदर तोंडात कोंबला आणि ओट्याला धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मी पोह्यांची ताटली घेऊन नुसती उभी.

काकू देवासच्या पुढच्या एका गावातल्या. वडील तिथे मास्तर, गावात मराठी घर एकच. त्यांच्या लग्नात शेजारच्या मालवी बायका आल्या आणि रिवाजाप्रमाणे वराकडच्या मंडळींना गाली गायल्या. गाली म्हणजे व्याह्यांची टिंगल करायची गाणी. 'ब्यायजी, कंई लाया, खाली हाथे आया.' व्याहीबुवा, काय आणलंत, रिकाम्या हातांनी आलात. पुढे व्याह्याच्या नाकाचं वर्णन, मग त्यांच्या बायकोचं.

"आणि चौथं कडवं तर मी तुम्हाला सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "हे नवरदेव म्हणून पाटावर बसलेले. इंदूरची ही मोठी मंडळी, मालवी कुणाला कळत नाही. सासरे मान डोलवतायत. हे मला नंतर बोलले, किती प्रेमानं स्वागत केलं तुमच्या गावानं. मी काय सांगणार? नवी नवरी मी. मग राहूनच गेलं."

"मग त्यांना अजून..."

"अजून स्वागतच वाटतं."

बाहेर काका त्या वर चढणाऱ्या ओळीवर रेंगाळून खाली आले. अर्पणगीतातल्या रिकाम्या हातांबद्दल मी काकूंना सांगितलं नाही. त्यांना आणखी हसवायचं माझ्यात बळ नव्हतं.

माझ्या डोक्यातला काकांवरचा संशय निम्म्यावर आला होता, पण तो जाऊन कुठे बसला, तर शिक्षिकेवर. तिला मूळ गाणं ठाऊक होतं. तरी तिनं शब्द बसवले, आणि रिकामे हात मुद्दाम ठेवले. पुढच्या शनिवारी काका यायच्या आधी मी मेट्रन आंटींना आणि फादरना सगळं सांगितलं. मेट्रन आंटींचा चेहरा लाल झाला. शिक्षिकेला बोलावलं गेलं.

"तुम जानती थी?"

"जी."

"फिर भी लिखा?"

"बोल में क्या ग़लत है, आंटी?" ती शांतपणे म्हणाली. "हमारे गाँव में भी यही धुन है. गाली बाहर वाले को कोई नहीं गाता. जिसको घर में लेना हो, उसी को गाते हैं."

मला ते उत्तर जरा जास्तच छान वाटलं. तयार करून आणल्यासारखं.

"और लोग हँसेंगे तो?" मेट्रन आंटींनी विचारलं.

"जो हँसेंगे वो हमारे ही लोग हैं," ती म्हणाली.

फादरनी शब्दांचा कागद पुन्हा वाचला, आणि म्हणाले की गाणं ठेवायचं. बाकीच्यांना काही सांगायची गरज नाही, काकांना तर नाहीच. मेट्रन आंटी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी सांगितलं नसतं तर त्यांना निवांत गाता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

सणाच्या दिवशी सेक्रेटरी दारात उभे राहून प्रत्येकाला मोबाइल बंद ठेवायला सांगत होते. मिस्सा सुरू होण्याआधी मला दारातून काकू आत येताना दिसल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर मोठं कुंकू, छातीशी पर्स. सेक्रेटरींनी विचारलं, आप किसके साथ? काकूंनी काय सांगावं? "मैं देखने आई हूँ."

याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या आणि सेक्रेटरी त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून, पूर्ण मिस्साभर उभे. मी वेदीजवळून खुणा करत होते, पण ते त्या पर्सवरची नजर हलवायला तयार नव्हते.

अर्पणाची रांग निघाली. पुढे एक आजीबाई डोक्यावर टोपली घेऊन, मागे मक्याची कणसं, भोपळे, केळीचा घड. काकांनी चाल धरली. ढोलक त्या तिघींपैकी एकीकडे होता. पहिली ओळ झाली, आणि बाकांमधून कुजबुज उठली. धार-झाबुआकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रिकाम्या हातांची ओळ आली तशी टोपलीवाली आजी चालता चालता मोठ्यानं हसली. तिला कुणी गप्प केलं नाही. आणि मग त्या बाया आमच्याबरोबर गायला लागल्या, एवढ्या मोठ्यानं की आमचा आवाज त्यात बुडाला. हिंदी मिस्सेला एवढं गाणं मी आजवर ऐकलं नव्हतं. त्या आमचे शब्द म्हणत होत्या की त्यांचे, हे ओळखायचा मी शेवटपर्यंत प्रयत्न करत होते. जमलं नाही.

मागे काकूंची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. सेक्रेटरींना वाटलं, बाई रडतायत. ते धावत जाऊन पाणी घेऊन आले.

बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "शब्द ठीक आहेत. पण तिसरी ओळ हे चुकीची वाजवतात. आणि तो माणूस माझ्या पर्सकडे का बघत होता?"

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी काकांना सांगितलं. काका पुढच्या सरावाला आले. गिटार जुळवली आणि शिक्षिकेपुढे खुर्ची ओढून बसले.

"असली वाला सुनाइए. पूरा."

"यहाँ नहीं," ती भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून म्हणाली. "बाहर चलिए."

सगळे हॉलबाहेरच्या ओट्यावर गेलो, मेट्रन आंटीसुद्धा. तिघी गायल्या, काकांनी साथ केली. नाकाच्या कडव्याला काका हसले. व्याह्याच्या बायकोच्या कडव्याला त्यांचे कान लाल झाले, पण बोटं चालू होती. चौथं कडवं भिलीत होतं की मालवीत कुणास ठाऊक, मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, आणि अर्थ सांगायला तिघींनी नकार दिला.

"आमच्या वडिलांना हे कळलं असतं," काका मला मराठीत म्हणाले, "तर वरात परत गेली असती."

नाताळ झाला आणि काका रविवारचे यायचे बंद झाले. काकूंच्या भावाला कुणीतरी सांगितलं होतं की तुमची बहीणही आता चर्चला जाते. घरात बोलाचाली झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की शनिवारी जायचं, रविवारी नाही.

"शनिवारी सराव असतो," काकांनी मला समजावलं. "सरावाला मिस्सा म्हणत नाहीत ना? मग झालं."

"भावाला कुणी सांगितलं?"

त्यांनी खांदे उडवले. आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं असणार असं मला वाटलं, आणि ते कोण हेही मी ठरवून टाकलं. पुरावा काही नव्हता. तेव्हापासून त्या माणसाशी मी जपून बोलते, आणि बहुधा तोही माझ्याशी. रविवारी आम्ही नुसत्या ढोलकावर गातो. सेक्रेटरींनी मध्येच एकदा विचारलं, "मॅडम, कुछ पता चला, क्यों आता था?" मी म्हटलं, "गिटार बजाने." त्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही.

संक्रांतीला काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. खोलीभर बायका, सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, सगळ्या मराठी-हिंदीच्या त्या इंदुरी मिसळीत बोलणाऱ्या. क्रॉस मी ब्लाउजच्या आत सरकवला होता. का, ते माझं मलाच सांगता येणार नाही. काकूंच्या भावजयीनं तिळगूळ देताना विचारलं, "तुम्ही कुठल्या? आडनाव काय आपलं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू मधे आल्या. "ह्या वसईच्या. औषधाच्या कंपनीत मोठ्या पोस्टवर आहेत. यांच्या ओळखीच्या." आणि लगेच ताटली पुढे केली.

काकू कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या. बोट कुंकवात बुडवलं आणि थांबल्या. त्यांच्या भावजयीचं लक्ष आमच्याकडेच होतं.

"लावू?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते फक्त मला ऐकू आलं.

"लावा," मी म्हटलं.

वाण म्हणून एक स्टीलची वाटी मिळाली. जिना उतरताना काकांच्या खोलीतून गिटार ऐकू येत होती, दार लावलेलं. मी स्कूटर काढली. माझा घरचा रस्ता चर्चवरून जातो. फाटकापाशी संध्याकाळच्या मिस्सेला आलेली माणसं उभी होती, त्यांत मेट्रन आंटीही दिसल्या. कुंकू पुसावं असं मला वाटलं नाही. हेल्मेटची काच तेवढी खाली ओढली आणि पुढे गेले.